मुलांच्या सुरक्षेचा भार आईच्या ओटीपीवर टाकू नका : आयटी मंत्र्यांना खुलं पत्र

मा. अश्विनी वैष्णव साहेब,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे, सातवी-आठवीची पोरं शिकवतो. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम वाचून हे लिहितोय. कायद्याचं कलम ९ मला मनापासून पटलं. १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा घ्यायचा तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, मुलावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि हे मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. इतकं स्पष्ट आपल्याकडे आधी कुणी लिहिलं नव्हतं.

पण साहेब, ही संमती आमच्या गावात कोण देणार ते सांगा.

दिवाळीच्या आसपास इथली निम्मी घरं रिकामी होतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, नवरा-बायको कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जातात ते उन्हाळा लागला की परत. काही पोरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. आजीला फोन उचलता येतो, बाकी सगळं नातू करतो, गॅसचा नंबर लावण्यापासून बँकेचा मेसेज वाचून दाखवण्यापर्यंत. कायद्यात आईवडील नाहीतर कायदेशीर पालक असं म्हटलंय, आजी कागदोपत्री त्यातलं काहीच नाही. आणि आईवडील घरी असले तरी फोन घरात एकच, त्यावर येणारा ओटीपी पोरगाच वाचतो आणि पोरगाच टाकतो. आईबापाची ओळख आणि वय पटवायला नियमात डिजिलॉकर या सरकारी ॲपच्या टोकनचा पर्याय दिलाय खरा, पण ते डिजिलॉकर आईला उघडून देणारा पण तोच तेरा वर्षांचा पोरगा आहे.

त्याच्याही आधीची अडचण म्हणजे पोराने जन्मसाल २००० टाकलं की विषयच संपला, कंपनी म्हणणार आम्हाला तर हा मोठा माणूस दिसतोय. मग संमतीही नको आणि कलम ९ पण नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हे ओझं घरातून उचला आणि कंपनीच्या दारात ठेवा. अनोळखी माणसाने पोरीला मेसेज करायचा नाही, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा नाही, रात्री नोटिफिकेशन यायची नाहीत, अकाउंट सुरुवातीपासूनच प्रायव्हेट असायचं, या गोष्टींना आईची सही कशाला लागते? हे कंपनीच्या हातातलं आहे. कुणाला कुठला रील किती सेकंद बघायला आवडतो हे ज्यांना कळतं त्यांना समोर लहान पोर आहे एवढं कळत नाही हे मी मानायला तयार नाही. ब्रिटनने २०२३ च्या त्यांच्या कायद्यात धोका ओळखून तो कमी करायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकली, मुलांबद्दलची कलमं जुलै २०२५ पासून तिथे लागू पण झाली.

तुमच्या नियमांत मात्र कलम ९ साठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. संमतीची यंत्रणा उभी करायला वेळ लागतो हे समजतं, पण पाळत आणि टार्गेटेड जाहिराती बंद करायला काय उभं करायचंय? नियम आले तेव्हा जो सातवीत होता तो तोवर आठवी पास झालेला असेल. तेवढा भाग आधी लागू करा.

आता लोक म्हणतात ऑस्ट्रेलियासारखी सरळ बंदी घाला, तिथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखाली सोशल मीडियाचं अकाउंट नाही. आमच्या स्टाफरूममध्ये पण बहुतेकांचं हेच मत आहे आणि त्यांची काळजी खोटी नाही. तरी मला बंदी नको वाटते. पोरं आजीच्या नावाने अकाउंट काढतील, आणि मग काही वाईट घडलं, कुणी फोटो मागितला, धमकी दिली, तर सांगायलाच येणार नाहीत कारण अकाउंट असणं हाच गुन्हा वाटेल. आत्तासुद्धा पोरी सांगत नाहीत, फोन काढून घेतील आणि शाळा बंद करतील या भीतीने. शिवाय बंदी पाळायची म्हणजे सगळ्यांचंच वय तपासायचं, म्हणजे मोठ्यांवरही ओळखपत्र नाहीतर चेहरा दाखवायची वेळ येऊ शकते. पालघरमध्ये २०१२ ला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती, त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ साली रद्द केलं. इंटरनेटवरचा सैल शब्दांचा कायदा कुणावर चालवला जातो हे महाराष्ट्राने बघितलंय, म्हणून नवीन जे काही लिहाल ते नेमकं लिहा.

आणखी एक, मराठीचं. संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मिळायला हवी असं कायद्यातच आहे, चांगलं केलंत. तोच नियम तक्रारीला पण लावा. पोरीने मराठीत लिहिलेली तक्रार मराठी वाचणाऱ्या माणसापर्यंत गेली पाहिजे, मराठीतली शिवी आणि मराठीतली धमकी त्याला कळली पाहिजे. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि १९३० (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) हे नंबर आम्ही वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो, तेच नंबर प्रत्येक ॲपच्या तक्रारीच्या बटणाशेजारी दिसायला काय हरकत आहे?

नियमांत पुढची दुरुस्ती कराल तेव्हा हरकती-सूचना मराठीतही मागवा आणि ऊसतोडीच्या हंगामाबाहेर मागवा, म्हणजे आमच्या पालकसभेत त्या वाचून दाखवता येतील आणि आईबापांचं म्हणणं लिहून तुमच्याकडे पाठवता येईल.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक, बीड