‘मावशींचं टेबल’ असं नाव देणाऱ्या पोरीला

बाळा, नाव टाकू नका म्हणालीस म्हणून टाकत नाही, पण आभार तरी चारचौघांत मानू दे की. आज स्तोत्रसंहिता ११९ तपासून संपवलं, १७६ वचनं आहेत त्यात, बायबलमधला सगळ्यात लांब अध्याय, आणि डोळ्यांतनं पाणी आलं नाही. माझं काम म्हणजे अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, आणि तेच दिसत नसेल तर तिथं बसून उपयोग काय?

आमचं बायबलचं भाषांतर ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्या पॅराटेक्स्टवर काम सुरू झालं तेव्हापासून मी हेच सांगत होते सगळ्यांना. अक्षर बारीक, खिडक्या एकावर एक, मजकुरात जिथं तिथं तिरक्या रेघा आणि कोड. एका दुकानदाराने अख्ख्या कॉम्प्युटरचंच अक्षर एवढं फुगवलं की खालची बटणंच स्क्रीनबाहेर गेली, वर पैसे घेऊन म्हणाला, आता वयाप्रमाणे चालायचंच मावशी. आणखी एक जाणकार आले ते माझ्याकडे न बघता नुसते क्लिक करत सुटले, मी काय विचारतेय ते कानावरच घेईनात, आणि जाताना म्हणे मुलाला बसवा, तुम्हाला जमायचं नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगते.

तू भर पावसात राजारामपुरीतनं गाडीवरनं आलीस, रेनकोट दारात टाकलास आणि कशालाही हात लावायच्या आधी विचारलंस, ‘मावशी, तुम्ही तपासताना पहिलं काय बघता?’ हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं बघ. मग कोडवाला व्ह्यू बदलून फॉरमॅटेड केलास, माझ्या खिडकीचा झूम वाढवलास, उजवीकडे ताडून बघायला जुनी भाषांतरं लावलीस आणि सगळ्या खिडक्या एकाच स्क्रोल ग्रुपमध्ये टाकल्यास, आता मी एका वचनावर क्लिक केलं की बाकीच्या आपोआप तिथंच येतात. फॉन्ट बदलला तर अख्ख्या प्रोजेक्टचा बदलतो म्हणून तू आधी आमच्या प्रमुखांना फोन लावून विचारलंस, परस्पर केलं नाहीस, तेही मी बघत होते.

पण मला जे लागलं ते शेवटचं. लेआउट, म्हणजे खिडक्यांची ही मांडणी, सेव्ह करताना नाव विचारणारी चौकट आली. तू काहीही टाकून मोकळी झाली असतीस, कोण बघणार होतं? तू कीबोर्ड मराठी केलास आणि सावकाश टाइप केलंस, ‘मावशींचं टेबल’. त्या सगळ्या इंग्रजी मेनूत मराठी अशी ती एकच ओळ आहे आणि ती माझी आहे. परवा कुणीतरी येऊन सगळ्या खिडक्या इकडच्या तिकडे करून गेलं, मी त्या नावावर क्लिक केलं, सगळं जागच्या जागी. कुणाला हाक मारायला लागली नाही.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल १९२४ साली निघालं, केडगावला त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकाच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या. त्या बायकांना कुणीतरी समोर बसवून, एकेक खिळा हातात देऊन शिकवलं असणारच ना, तुम्हाला जमायचं नाही म्हणून घरी पाठवलं असतं तर ते पुस्तक झालंच नसतं. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याच्याशी नीट बोलावं, एवढंच तर असतं, त्याला काय पैसे पडतात? आपल्या कोल्हापुरात अशी माणसं कमी नाहीत, फक्त ती अडचणीच्या वेळी समोर यावी लागतात, माझ्यासमोर तू आलीस.

तुझ्या आईला सांग, पोरगी चांगली वाढवलीय. आणि त्या दिवशी नुसता चहा घेऊन पळालीस ते चालणार नाही, रविवारी उपासना झाली की घरी ये, तांबडा-पांढरा करते.

तुझी मावशी