स्कूटरची किक काढू नका

मा. संपादक,

निफाडच्या थंडीत पहाटे साडेपाचला माझी स्कूटर नुसती ‘टक्’ करते आणि गप्प होते. गारठ्याने बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइलही घट्ट होतं. जुन्या गाडीला किक होती, चार किकांत निघायची. नवीला किकच नाही! गॅरेजवाल्याने बघताच नवी बॅटरी घ्यायला सांगितलं. मी बॅटरीच्या खणाचं झाकण उघडलं, तर तारा जोडायच्या टोकांवर, म्हणजे टर्मिनलवर, पांढरी भुकटी साचलेली. आधी वजा, मग अधिकची तार सोडवली, खायच्या सोड्याच्या पाण्याने जुना टूथब्रश मारला, कोरडं पुसून, तारा जोडून वर व्हॅसलिन लावलं. पहिल्याच बटणाला गाडी सुरू! गिऱ्हाइकांच्या घरी चहा माझ्या दुधासाठी खोळंबतो. कंपन्यांनी किक ठेवावीच, ही कळकळीची विनंती.

– एक दूधविक्रेता, निफाड