ट्रॉली बाहेर सोडून या

महोदय,

परवाच्या अंकात पाचव्या पानावर ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांबद्दल जे छापून आले, ते काल वाचले. (काल, कारण आमच्याकडे तुमचा अंक दुपारच्या एसटीने येतो. एजंटाला तीनदा सांगून झाले.) ट्रॅक्टरवाल्यांना मालवाहतुकीचा परवाना सक्तीचा केला की अपघात आपोआप कमी होतील, असा एकंदर सूर. लिहिणाऱ्याने एकदा तरी भरलेली ट्रॉली घेऊन चढावर ट्रॅक्टर धरून दाखवला असता, तर 'आपोआप' हा शब्द त्यांना सुचला नसता. तुमचा पेपर वडिलांच्या वेळेपासून घरात येतो, म्हणून जमेल तेवढ्या सभ्यपणे लिहितो.

माझ्या परवान्याची हकिगत ऐका. पक्क्या लायसनच्या टेस्टला मी ट्रॅक्टरला रिकामी ट्रॉली जोडून गेलो. उद्या जे ओढायचे तेच दाखवावे, अशी आपली भाबडी समजूत. साहेबांनी लांबूनच हात केला, "ही वरात कशाला आणलीय? मैदानात वळायची नाही ती. ट्रॉली बाहेर सोडून या." ट्रॉली वळवणे अवघड असते, हे साहेबांना पक्के ठाऊक होते, एवढे त्यांचे कौतुक. मग रस्त्याकडेला पिंपळाखाली पिन काढली, चाकांना दगड लावले, राखणीला चुलतभावाला बसवले आणि नुसता ट्रॅक्टर घेऊन आत गेलो. दोन पिंपांना वळसा, दहा फूट रिव्हर्स, पास. चार-पाच मिनिटांत सगळे आटोपले.

नुसता ट्रॅक्टर मागे घेणे हे शेंबड्या पोराचे काम आहे. ट्रॉली लागली की सगळे उलटे होते. तिला उजवीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी डावीकडे मारायचे, ती वळायला लागली की लगेच सोडायचे, जरा उशीर झाला की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात. हे मला गावातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मोकळ्या रानात दोन उन्हाळे शिकवले. दोन ट्रॉल्या असल्या तर तोही म्हणायचा, "मागं घ्यायची भानगडच नको, मागची सोडायची." ही विद्या कुठल्याही परवान्यावर लिहिलेली नसते.

पुढे त्याच ट्रॉलीने मला अडीच वर्षे नाचवले. ऐन हंगामात ओढ्याच्या चढाला हुकाची पिन तुटली आणि ट्रॉली मागे घरंगळत दुधाच्या पिकअपवर गेली. माणसे वाचली, पिकअपचे तोंड गेले, रस्त्यावर दूध आणि ऊस एक झाला. विमा कंपनीचे पत्र आले : चालकाच्या परवान्यावर ट्रॉलीचा उल्लेख नाही, सबब दावा नामंजूर. ट्रॉलीचा वेगळा हप्ता घेताना मात्र त्यांना ट्रॉली नीट दिसली होती! वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा नागशेट्टी निकाल काढला. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निकामी होत नाही, असे त्यात स्वच्छ आहे. समोरच्यांनी त्याच न्यायालयाचा २००५ चा निकाल आणला, की माल वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉली ही मालवाहू गाडी. शेवटी निम्म्याहून थोडे अधिक पैसे देऊन त्यांनी तडजोड केली. दोघांचेही वकील खूश होते.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हा नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आणि त्यातला आकडा तुमच्या लेखकाने फेकला आहे. फेकण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम २ वाचायचे होते. टेम्पोला तो आकडा मालासकट लागतो, ट्रॅक्टरला रिकाम्या वजनावर. माझा ट्रॅक्टर रिकामा दोन टनांच्या थोडा वर, म्हणजे मी जन्मभर 'हलके वाहन'वाला. मागून येणारे आठ-दहा टन ते काय, पाहुणे असावेत.

बरे, करा सक्ती. वयाची वीस वर्षे पूर्ण, त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना, डॉक्टरचा दाखला, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सगळे करू. पण ती टेस्ट टेम्पोवर होणार आणि ट्रॉली पुन्हा पिंपळाखालीच राहणार, त्याचे काय? आमच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. मोठ्याने लावलेल्या टेपवर मात्र पूर्ण परिच्छेद! टेप मोठा असतो हे कबूल, आमच्या पोरांना मीही त्यावरून बोलतो. पण पहाटे तीनला तो झोप उडवायला लावलेला असतो, हेही लिहायचे होते.

आणि झोप कशाने जाते? कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत अठरा-वीस तास नंबर लागत नाही. ट्रॅक्टर सोडून घरी जाता येत नाही, कारण रांग कधी सरकेल याचा नेम नसतो. पैसे टनावर आणि अंतरावर, थांबल्याचे शून्य. गव्हाणीत ऊस पडला की ड्रायव्हर तसाच तांबड्या डोळ्यांनी पुढच्या फडावर निघतो. त्याच्या खिशात कुठल्या रंगाचे लायसन आहे, याने डोळे उघडे राहत नाहीत. तुमच्या वार्ताहराने एक रात्र त्या रांगेत काढावी. चहा माझ्याकडून.

पत्र लांबले आहे. काटछाट करायची तर माझ्या टोमण्यांची करा, टेस्टच्या मैदानाची नको. नाव-पत्ता सोबत आहे, पण छापू नये. येत्या महिन्यात नूतनीकरणाला त्याच मैदानात जायचे आहे.

आपला,
एक ऊस वाहतूकदार, कृष्णाकाठ

ता. क. – लेखासोबतच्या फोटोतली ट्रॉली उसाची नाही, विटांची आहे. फोटो मोठा करून पाहा, विटा मोजता येतील.