प्रौढांमधील एडीएचडीला आळस समजू नका

संपादक महोदय,

एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे जड जाणारा, बालपणापासूनचा विकार) म्हणजे वर्गात स्वस्थ न बसणारे मूल, ही समजूत अजून घट्ट आहे. प्रौढपणी ही चंचलता बरेचदा आत जाते. बैठकीत पाय हलत राहतो, समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच उत्तर दिले जाते, दहा मिनिटांत भरून होणारा अर्ज महिनाभर पडून राहतो. आवडीच्या कामात मात्र हीच व्यक्ती तासन्‌तास बुडून जाते. मग घरचे म्हणतात, 'मनात आणलं की बरं जमतं!' हा आरोप अन्यायाचा आहे. लक्ष असते, ते हवे तिथे वळवणे आणि टिकवणे जड जाते.

'डीएसएम-५' या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक ग्रंथाच्या निकषांनुसार १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तीत लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या गटातील ९ पैकी किमान ५ लक्षणे ६ महिने टिकलेली असावीत; घर, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांतली काही वयाच्या १२ व्या वर्षाआधीची असावीत. हा शेवटचा निकषच नेमका विसरला जातो. चाळिशीत अचानक सुरू झालेल्या विसराळूपणामागे थायरॉइड, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडकणे असू शकते. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तके, त्यांवरचे शिक्षकांचे शेरे न्यावेत. शक्यतो बालपण पाहिलेले कुणी सोबत असावे. जागतिक आरोग्य संघटनेची ६ प्रश्नांची चाचणी ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे.

एडीएचडी असलेल्या मुली बरेचदा वर्गात गोंधळ घालत नाहीत, नुसत्या हरवलेल्या दिसतात. म्हणून त्यांच्यापैकी अनेकींचे निदान फार उशिरा होते.