परत यायचं म्हणतेस, तर…

पुणे, १२ जानेवारी २०२६

प्रिय मुग्धा,

जर्मनी सोडून परत यावं का, असं विचारणारा तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तरही तसंच बोलून पाठवणार होते, पण घरात निवांतपणा मिळतो तो रात्री साडेदहानंतर, आणि तेव्हा ईरा झोपलेली असते. म्हणून लिहायला बसले.

आम्ही तिकडून आल्यापासून लोकांचे प्रश्न ठरलेले आहेत. पगार किती कमी झाला, ट्रॅफिक झेपतं का, धूळ सोसते का. तिकडचं सोडून आलात कशाला, हे तर रिक्षावालेसुद्धा विचारतात. तू एकटीनेच विचारलंस की समीर अजून घरात काम करतो का. माझं ऐकशील तर परत यायचं की नाही हे तुम्ही दोघांनी याच प्रश्नावर ठरवा. बाकीचं सगळं कुरकुरत का होईना, जमतं.

स्टुटगार्टमध्ये आपल्या मदतीला कोणी नव्हतं म्हणून आपले नवरे कामं शिकले. आपण त्याला उगाच मोठमोठी नावं द्यायचो. ईरा झाली तेव्हा आई तीन महिने राहून गेली, मग समीरने एल्टर्नत्साइटचे, म्हणजे बालसंगोपन रजेचे, दोन महिने घेतले. तेही गरजेपोटीच: त्याने घेतले नसते तर एल्टर्नगेल्ड, म्हणजे त्या रजेतला सरकारी भत्ता, १४ ऐवजी १२ महिनेच मिळालं असतं. पण कारण काहीही असो, त्या दोन महिन्यांत तो तयार झाला. केहरवोखची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी दारावर लटकली की जिना तोच झाडायचा, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी चष्मा पुढे ओढून कोपरे तपासायच्या.

आता इथलं ऐक. एप्रिलमध्ये आम्ही कर्वेनगरला सासरी उतरलो. पहिल्याच आठवड्यात समीर ताट उचलून सिंककडे गेला तर सासूबाई, आलेली आत्या आणि कामाच्या मावशी तिघींनी एकदमच हात पुढे केले. "अरे ठेव तू, असू दे." कोणी वाकडं बोललं नाही, टोमणा मारला नाही. त्याने ताट ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. गणपतीपर्यंत घरात चहाचं गाळणं कुठे असतं हे त्याला माहीत नव्हतं! आणि भांडायचं तरी कुणाशी? सासूबाई स्वभावाने खरंच चांगल्या आहेत, मला पाण्याचा पेला हातात आणून देतात. माणसं चांगली असली की भांडणाला जागाच राहत नाही, हीच पंचाईत.

एक किस्सा सांगते. मे महिन्यात समीरला हुक्की आली आणि त्याने सोसायटीचा जिना झाडायला घेतला. वॉचमन धावत वर आला, त्याला वाटलं आपल्याबद्दल तक्रार आहे. सेक्रेटरी काकांचा फोन आला, "काही प्रॉब्लेम झालाय का?" त्यानंतर झाडू जो गेला तो गेलाच.

माझं काय झालं ते वेगळंच. तिकडे मी टाइलत्साइटवर, म्हणजे अर्धवेळ कामावर होते, कायद्याने मागता येत होतं म्हणून मागितलं आणि मिळालं. इथे माझ्या क्षेत्रात अर्धवेळ नोकरी म्हटलं की समोरचा माणूस नम्रपणे हसतो. मी पूर्णवेळ घेतली, घरून काम आहे, टीम जर्मनीतली. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे त्यांची दुपारची दोनची मीटिंग आमच्याकडे साडेसहाला. मूल भुकेलं, कुकर लावायचा आणि दाराशी कुणीतरी 'सहज' आलेलं, सगळं तेव्हाच. समीरचं ऑफिस चाकणला, परत यायला दीड तास ही तर चांगली वेळ. हा दीड तास तुम्ही हिशेबात धरा. पगाराच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

दिवाळीनंतर आम्ही कोथरूडला भाड्याने फ्लॅट घेतला, सासरपासून स्कूटरवर दहा मिनिटं. अकरा महिन्यांचा करार, रजिस्ट्रेशन, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं रीतसर. सासूबाई काही दिवस मोजकंच बोलत होत्या. नातेवाइकांनी 'परदेशात राहून आलं की असंच होतं' हे आपापसात ठरवून टाकलं. पण आता बघ, ईराची व्हॅन दुपारी आजीकडेच थांबते, संध्याकाळपर्यंत ती तिथेच असते, गुरुवारी आम्ही सगळे तिथेच जेवतो. सासूबाईच परवा म्हणाल्या, "बरं झालं, आता तुम्ही पाहुण्यासारखे येता तर मला करावंसं वाटतं." आमच्याकडे मावशी फक्त सकाळी येतात. रात्रीची भांडी समीरची. कुणी हात पुढे करायला नाही म्हटल्यावर तो मुकाट्याने घासतो, पूर्वीसारखाच. तेव्हा साताऱ्याचे तुझे सासू-सासरे पुण्यात येऊन राहणार असतील तर एका छपराखाली नको, एका पेठेत चालेल. आणि हे इथे यायच्या आधी बोलून घ्या. आल्यावर बोललीस की त्याचा अर्थ सासूबद्दलची तक्रार असा होतो.

मुलांचं सांगते, कारण तुझी धाकटीही किटातली, तिकडच्या बालवाडीतलीच आहे. सगळ्यांनी गृहीत धरलं की फॉरेनची मुलगी म्हणजे फाडफाड इंग्रजी. ईराला मराठी आणि जर्मन, इंग्रजी शून्य. सोसायटीतल्या काकू कौतुकाने इंग्रजीत नाव विचारायच्या आणि ही माझ्या ओढणीत तोंड लपवायची. "अगं, बाहेर राहून इंग्रजी नाही शिकवलंत?" एका इंग्रजी शाळेत तिच्यापुढे पुस्तक ठेवून वाच म्हणाले. सहा वर्षांची ईरा, सुरीने सफरचंद कापते, भर पावसात चिखलाची पँट चढवून जंगलात फिरते, पण अक्षर एक ओळखत नाही, कारण किटात शिकवतच नाहीत, तिकडे ते पहिलीत सुरू होतं. इथे तिच्या वयाच्या मुलांच्या सीनियर केजीच्या वह्या भरून झालेल्या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुलीला उपाशी ठेवलंय.

शेवटी मराठी माध्यम, सेमी इंग्रजी. पहिले दोन महिने ती वर्गात गप्पच होती. मग मराठीनेच तिला तारलं, कारण खेळ मराठीतून, भांडण मराठीतून. तिचं मराठी माझ्या आईचं आहे, फोनवरून शिकलेलं. "अगोबाई" म्हणते तेव्हा सगळा वर्ग हसतो आणि तिला ते आवडतं. आता वाचायला लागली आहे, इंग्रजीही येईल. तुम्ही इंग्रजी माध्यम घ्याल तरी २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचं आहे, तेव्हा ते सुटणार नाही. जर्मन मात्र ती विसरत चालली आहे. समीर जर्मनमध्ये बोलतो तर ती मराठीत उत्तर देते. तो हळहळतो, मी नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, मोठेपणी वाटलं तर शिकेल.

डॉक्टरांकडे पहिल्या भेटीतच लशींचा तक्ता काढला. जर्मनीत १९९८ पासून बीसीजी देत नाहीत, टायफॉइडही नाही. इथे त्यावर लगेच विचारतात. पिवळी लस-पुस्तिका हातातल्या बॅगेत ठेव, कंटेनरमध्ये नको. पाण्याबाबत धीट होऊ नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली होती, तेव्हापासून सासूबाई फिल्टरचं पाणीही उकळतात आणि मी त्यांना हसत नाही.

कागदांचं थोडक्यात. धाकटीच्या जन्माची नोंद म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये वर्षाच्या आत केलीत ना? नाहीतर पुढे फार त्रास होतो. अब्मेल्डुंगच्या, म्हणजे तिथला पत्ता सोडल्याच्या नोंदीच्या, भरपूर प्रती काढा. इंटरनेट असो, टीव्ही-रेडिओच्या फीचे ते दरमहा १८.३६ युरो असोत, प्रत्येकाला तोच कागद लागतो. तिथलं बँक खातं लगेच बंद करू नका, घराचं डिपॉझिट यायला महिने लागतात. पेन्शनमध्ये ६० महिने भरले असतील तर म्हातारपणी तिकडची पेन्शन इथेही मिळते, तुमचे तर कधीच झाले. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं इकडे आल्यावर साध्या खात्यात बदलावं लागतं. युरो युरोतच ठेवायचे तर आरएफसी, म्हणजे परदेशी चलनाचं खातं उघडा. टॅक्सला पहिली एक-दोन वर्षं सवलतीचा दर्जा मिळतो, त्यासाठी मात्र सीए गाठा, मामेभाऊ नको.

आणि पासपोर्ट. २७ जून २०२४ पासून जर्मनी पाच वर्षांवर नागरिकत्व देते, जुनं सोडायलाही सांगत नाही. पण आपल्याकडे दुहेरी चालत नाही, म्हणजे भारताचा जाणार आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड येणार. तू म्हणतेस मन होत नाही. माझं मत रोखठोक आहे: घेऊन या. आमच्याकडे ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावरून मिळालेला कायमचा परवाना होता, तो ठरावीक काळ बाहेर राहिलं की संपतो. समीर रात्री गुपचूप फ्लाइट बघतो. दार उघडं असलं की माणूस इकडे जास्त स्वस्थपणे राहतो, असं मला आता वाटतं. मतदान जाईल, शेतजमीन विकत घेता येणार नाही. साताऱ्याची वारशाने येणारी चालते, पण तलाठी काय म्हणेल ते वकिलाला आधीच विचारून ठेवा.

मे महिन्यात सुट्टीला येणार आहात तर दोन रात्री आमच्याकडे राहा, सोमवार-मंगळवार, शनिवार-रविवार नको. सकाळी सातची घाई बघा, समीरबरोबर एकदा चाकणपर्यंत जाऊन या. शाळांचे फॉर्म दिवाळीनंतर निघायला लागतात, पुढच्या जूनचं ठरवायचं असेल तर ऑक्टोबरपर्यंत ठरवा.

एक राहिलं. तुझी आई परवा भाजी घेताना भेटली. "मुग्धाचं काही ठरतंय का गं?" असं सरळच विचारलं. मी कोथिंबिरीचा भाव विचारत बसले. त्यांना लवकर सांग बाई, पुढच्या वेळी मला जमायचं नाही.

तुझी,
अस्मिता