वनमंत्र्यांना खुलं पत्र: जंगलाच्या कडेच्या दोन-तीन वाटा सायकल शिकण्यासाठी द्या

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: मुंबईतील वनक्षेत्राच्या कडेला माउंटन बायकिंगच्या प्रशिक्षणासाठी वाटा ठरवून देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी बोरिवली पूर्वेला राहते, नोकरी करते आणि काही वर्षांपासून माउंटन बायकिंग, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायला, शिकते आहे. मागणी सुरुवातीलाच मांडते. २०२१ साली आरेमधली ८१२ एकर जमीन वनविभागाच्या ताब्यात आली. तिच्या कडेने आधीपासून वापरात असलेल्या पाऊलवाटांपैकी दोन-तीन वाटा आपण प्रशिक्षणासाठी ठरवून द्याव्यात. वेळ ठरलेली, माणसं मोजकी, सोबत परवाना असलेला कोच आणि पाड्यावरचा एक वाटाड्या. नवं बांधकाम काही नको. काँक्रीट नको, पेव्हर ब्लॉक नकोत, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या (एसजीएनपी) गाभ्यात सायकली सोडा, असंही मी म्हणत नाही. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी कडकच राहिली पाहिजे.

आता आपल्या अधिकाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की विचारेल: सायकल चालवायला कोच कशाला? लहानपणी सगळेच शिकतात की! म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं प्रशिक्षण कर्जतजवळच्या एका खासगी जागेवर होतं. सरांनी सुरुवातीला आम्हाला उतारावर नेलंच नाही. सपाट जमिनीवर आधी नुसतं उभं राहायला शिकवलं. दोन्ही पेडल एका पातळीत, अंग सीटवरून उचललेलं, गुडघे आणि कोपरं वाकलेली, टाचा खाली, भार हातांवर न टाकता पायांवर. असं उभं राहता आलं की खडकाळ वाटेवर सायकल अंगाखाली हलत राहते आणि माणूस स्थिर राहतो. मग ब्रेक. ‘पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील’ हे आपल्याकडे प्रत्येक घरात सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो एका बोटाने, हळूहळू आवळायचा आणि त्याच वेळी अंग खाली आणि मागे न्यायचं. घाबरून फक्त मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक अडकतं, घसरतं आणि वाटेवरची माती खरवडत जातं.

वळणाचंही तसंच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे, नजर समोरच्या दगडावर न ठेवता वळण जिथे संपतं तिथे ठेवायची आणि सायकल आतल्या बाजूला कलवायची. न शिकलेला माणूस ऐन वळणात ब्रेक दाबतो. प्रत्येक जण तिथेच दाबतो, म्हणून तिथे चर पडते. पहिल्या पावसात पाणी त्या चरीतून धावतं आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. मग पुढचे लोक घळ टाळून बाजूच्या झुडपांतून नवी वाट काढतात. जंगलातली वाट रुंदावते ती अशी.

चांगल्या कोचकडे शिकलेला स्वार पडत कमी असतो आणि वाटही कमी उकरतो, कारण दोन्हींसाठी लागणारं कसब एकच आहे. हे मला आपल्याला अगदी कळकळीने सांगायचं आहे. कुठे उतरून सायकल हातात धरून चालायचं, हेही कोचच शिकवतो. मातीत टायरचा ठसा खोल उमटायला लागला की त्या दिवशी परत फिरायचं, हा आमच्याकडे नियम आहे. त्यावर वाद घालायची सोय नाही.

आज मुंबईत काय होतं? रविवारी सकाळी येऊरकडे, आरेकडे मुलं सायकली घेऊन निघतात. बहुतेकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. शिकायला जागा नाही, विचारायला माणूस नाही, पण उतार समोर दिसतो आणि अंगात जोर असतो. कुणाचं कॉलरबोन मोडतं, कुणी पायी चालणाऱ्या आजोबांच्या अंगावर जातं. वनरक्षकाला ही मुलं फक्त घुसखोर म्हणून भेटतात, आणि मुलांना वनरक्षक फक्त हाकलणारा म्हणून. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

हा पेच जगात नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या जंगलवाटा एकेक करून सायकलींना बंद व्हायला लागल्या, तेव्हा तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन १९८८ साली आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. त्यांनी आधी स्वतःलाच नियम घालून घेतले: खुल्या वाटांवरूनच जा, मागे खुणा ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, पायी चालणाऱ्याला वाट द्या, जनावरांना घाबरवू नका. पुढे वाट बांधण्याचं शास्त्रही त्यांनी मांडलं. डोंगराच्या बाजूचा उतार वीस टक्के असेल तर वाटेचा चढ दहा टक्क्यांहून अधिक नको. वाट सरळ उताराने खाली न नेता डोंगराला आडवी न्यायची, दरीकडची कड थोडी उतरती ठेवायची आणि मधूनमधून वाट किंचित वर उचलायची, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता बाजूला पडतं. मुंबईत वर्षभरातला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. आपल्याला हे शास्त्र इतरांपेक्षा जास्त लागणार आहे. म्हणूनच वनविभागाच्या जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, सरसकट सायकलींना द्या, असं मी सुचवत नाही. बऱ्याच जाळरेषा सरळ उतारावरून जातात आणि चाकांनी त्या लवकर धुपतील. वाटा निवडताना हे पाहणारा जाणकार सोबत हवा. जून ते सप्टेंबर मातीच्या वाटा पूर्ण बंद ठेवाव्यात.

बिबट्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तो यायलाच हवा. सायकल आवाज न करता वेगाने येते, त्यामुळे जनावराला चाहूल लागत नाही. म्हणून समोरचं दूरवर दिसेल अशाच वाटा, सायकलला घंटी, एकट्याने जायची मनाई, ऊन चांगलं वर आल्यावर सुरुवात आणि दुपारनंतर बंद. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती एवढं शहर बिबट्यांसोबत कसं राहील, यावर आपल्याच विभागाने २०११ पासून अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून काम केलं. त्या कामाचा या शहराला फायदा झाला आहे. सायकलस्वारांनाही त्याच विश्वासाने बोलवा.

यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र मंत्रालयात होऊ नये. आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ज्या वाटा आपण निवडाल त्यांवरून त्यांच्या बायका पाणी-लाकूड आणतात, मुलं शाळेत जातात. पाड्याने नको म्हटलं तर ती वाट सोडून द्यायची. आणि हो म्हटलं तर तिथल्या मुलामुलींना नुसतं गेटवर उभं करू नका, त्यांना कोच म्हणून तयार करा. ताडोब्यात गावातली मुलं गाईड झाली, तसंच इथे होऊ शकतं. डिस्क ब्रेकची बरी माउंटन बाइक आजही पाड्यावरच्या घराला परवडणारी नाही, म्हणून काही सायकली आणि हेल्मेट स्थानिक समितीच्या मालकीची असावीत आणि शुल्कातला मोठा वाटा तिच्याकडेच राहावा. हा खेळ फक्त टॉवरमधल्या मुलांचा झाला तर मला फार वाईट वाटेल.

हा खेळ म्हणजे नुसता छंद नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून माउंटन बायकिंगची क्रॉस-कंट्री ही ऑलिम्पिकमधली शर्यत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळमधल्या पोनमुडीच्या डोंगरात झाली. सह्याद्री दाराशी असताना मुंबईतल्या मुलीला एक वळण नीट घ्यायला शिकण्यासाठी कर्जत गाठावं लागू नये.

माझी विनंती अशी: येत्या ऑक्टोबरमध्ये, माती अजून घट्ट आणि थोडी ओलसर असताना, आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी, पाड्यावरच्या दोन-चार जाणत्या माणसांनी आणि आमच्यातल्या एका कोचने या वाटा एकत्र पायी फिराव्यात. त्यानंतर एक हिवाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एकाच वाटेवर प्रयोग करावा. वाटेची रुंदी आणि चरींची खोली आधी व नंतर मोजावी, मोजमाप वनविभागानेच करावं आणि वाट बिघडली असेल तर पुढच्या वर्षी परवानगी देऊ नये. पाहणीची तारीख कळवावी. फावडी, टेप आणि माणसं आम्ही घेऊन येऊ.

आपली नम्र,
बोरिवलीतील एक रहिवासी