नागासाकीला जहाज थांबतं, पण तिथला वसईकर कोणी दाखवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जपान क्रूझवरचा लेख वाचला, फोटो झकास होते पण नागासाकीला दोनच ओळी, पीस पार्क बघा आणि कास्टेला केक खा, झालं. आम्ही नवराबायको अशाच एका क्रूझने तिथे जाऊन आलोय आणि त्यात आम्ही वसईचे, म्हणून राहवलं नाही.

नागासाकीचं एक बरं आहे, जहाज लागतं तो मात्सुगाए धक्का शहरातच आहे. टोकियो बघायचं तर बऱ्याचदा योकोहामाला उतरून पुढे प्रवास करावा लागतो, इथे खाली उतरलात की चालत ओउरा चर्चच्या चढावर. पाण्यापलीकडे मित्सुबिशीचं शिपयार्ड, त्यातली १९०९ सालची अजस्र क्रेन अजून उभी आहे, आणि करोनात गाजलेलं ते डायमंड प्रिन्सेस जहाज इथेच बांधलेलं. त्यामुळे जहाजावर विकतात ती एक्सकर्शनची बस घेऊ नका असं माझं स्पष्ट मत, पैसे जातात ते जातात वर प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं आणि झेंडा धरलेल्या गाईडच्या मागे पळायचं. ट्रॅम आहे ना. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे टाकायचे, कुठेही उतरा भाडं तेवढंच. धक्क्याजवळून ५ नंबर पकडा आणि शिन्ची चायनाटाउनला बदलून १ नंबर. फक्त क्रम उलटा ठेवा, आधी लांबचं बघा आणि जहाजाकडे सरकत या, म्हणजे शेवटी बायको घड्याळ बघून ओरडत नाही.

लांबचं म्हणजे उराकामी, अणुबॉम्ब पडला तो भाग. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. विमान मुळात कोकुराला निघालं होतं, तिथे ढग आणि धुरामुळे खालचं दिसेना म्हणून इकडे वळवलं. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसं गेली. बॉम्ब फुटला त्या जागेखाली एक काळा दगडी खांब आहे आणि बाजूला उराकामी कॅथेड्रलच्या भिंतीचा उरलेला तुकडा आणून ठेवलाय. पार्कातल्या निळ्या पुतळ्यापाशी सेल्फीची गर्दी असते, म्युझियममध्ये मात्र कोणी बोलत नाही. इथे वेळ द्या, हवं तर शॉपिंग कापा.

आता मुद्द्याचं. परतीच्या ट्रॅमने नागासाकी स्टेशनला उतरलात की पाच मिनिटांच्या चढावर निशिझाका टेकडी लागते. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचे फिलिप आणि एक आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. हो, तेच, ज्यांच्या नावाचं आपल्याकडे कॉलेज आहे आणि गासला चर्च आहे. तरुणपणी जेसुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, मग व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती संघाचे ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये हिदेयोशीपुढे स्पॅनिश वकिलातीचे दुभाषे म्हणून उभे राहिले, म्हणजे वसईत जन्मलेला माणूस त्या काळी जपानच्या सत्ताधीशाशी जपानीत बोलत होता, विचार करा! पुढे वारं फिरलं. क्योटोत सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत महिनाभर चालवत इथवर आणलं. निघताना २४ होते, वाटेत त्यांची सेवा करणारे दोघं धरले म्हणून २६. सगळ्यात लहान मुलगा १२ वर्षांचा.

१९६२ साली, म्हणजे पोपनी त्यांना संत जाहीर केल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, इथे स्मारक उभारलं. २६ ब्राँझचे पुतळे एका ओळीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, मागे म्युझियम. शेजारी मेक्सिकोच्या फिलिपच्या नावाचं चर्च, दोन उंच मनोरे, त्यांना रंगीत चिनीमातीचे तुकडे लावलेले. १९८१ आणि २०१९ ला पोप इथे येऊन गेले. आणि गंमत (की चीड म्हणू) अशी की एक्सकर्शनची बस जिथे हमखास नेते ते ओउरा चर्चच मुळात या २६ जणांच्या नावाने बांधलंय, १८६४ साली, तोंड निशिझाकाच्या दिशेला करून! आमच्या जहाजावरचे भारतीय बसने तिथे जाऊन आले, रात्री जेवताना मी विचारलं तर वसईचं नाव कोणालाच गाईडने सांगितलेलं नव्हतं, त्यात एक कुटुंब विरारचं.

गाईड जपानी होता, त्याला वसई काय माहीत, त्याच्यावर राग नाही. पण मुंबईत बसून जपान क्रूझ विकणारे आपलेच लोक आहेत ना? जैन फूड मिळेल हे ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापतात (बरंच आहे, तिथल्या चाम्पोन नूडल्समध्ये डुक्कर असतंच), मग निशिझाकाची एक ओळ टाकायला काय जातं. ज्याला धर्माशी घेणंदेणं नाही त्यानेही जावं, दहा मिनिटं वाकडी वाट आहे आणि तिकीट फक्त म्युझियमला, पुतळे फुकट.

तेव्हा पुढच्या वेळी नागासाकीवर काही छापाल तर कृपया ५ फेब्रुवारीच्या आसपास छापा, वसईच्या पानावर नको, मुख्य पुरवणीत, आणि सोबत ट्रॅमचा नकाशा द्या.

एक वाचक, वसई (प.)